शिकाऱ्याची कोंबडी, आचाऱ्याची पोटदुखी

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी सव्वीस वर्षं आचारी होतो असं सांगितलं, की बाहेरगावचा माणूस जरा सरसावून बसतो. त्याला वाटतं, हा मोठ्या हॉटेलातला असणार. त्याचा हा गैरसमज मी लगेच मोडत नाही. खरं म्हणजे तारे सगळे त्या वसाहतीच्या नावात. माझ्या वाट्याला आलं ते एका कारखान्याचं गेस्ट हाउस. चार खोल्या, एक लांब टेबल, तीन शेगड्या आणि मागच्या दारी कढीपत्त्याचं झाड.

कारखान्यात परदेशातून मशीन आलं की ते बसवणारा माणूसही यायचा आणि दोन-तीन महिने मुक्काम ठोकायचा. जर्मन असो की कोरियन, आमच्या लेखी सगळे ‘पावणं’. मशीनची काळजी इंजिनियरांना, पावण्याच्या पोटाची मला. पहिला आठवडा पावणा केळी, उकडलेली अंडी आणि टोस्टवर काढतो. दुसऱ्या आठवड्यात रश्शाच्या वासानं तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो, आणि तिथून माझी परीक्षा सुरू होते. एक जर्मन म्हातारा रोज सकाळी चहाच्या कपातून पांढरा रस्सा प्यायचा. जाताना त्यानं हातातलं घड्याळ काढून मला दिलं. ते आता बंद आहे, पण लग्नकार्याला मी तेच घालतो. एका कोरियन पोरानं आमची चटणी नुसत्या भातावर घेऊन खाल्ली आणि वर आणखी मागितली, तेव्हा कुणीतरी तोलामोलाचं भेटलं असं मला वाटलं.

रश्शाचं थोडं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्यानंच घात केला. आमच्याकडं आलं-लसूण आणि मीठ घालून मटण भरपूर पाण्यात शिजवतात. ते पाणी म्हणजे अळणी. नाव अळणी असलं तरी मीठ त्यात चांगलं असतं. नसतं ते तिखट. लहान पोरांना आणि आजारी माणसाला त्यातलं वाटीभर काढून देतात आणि उरलेल्याचे दोन भाग करतात. एकात नारळाचं दूध आणि काजू-खसखस वाटून घातली की पांढरा रस्सा. दुसऱ्यात भाजलेलं खोबरं, कांदा आणि आमची चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला, घातला की तांबडा. कोल्हापूरचा माणूस मटणाचे तुकडे कमी पडले तर एकवेळ गप्प बसेल, पण रस्सा कमी पडला तर सोयरीक मोडायला निघतो. त्यामुळं जेवायला बसणारी पानं वाढली की रस्सा वाढवायचा, हे इथल्या आचाऱ्याला शिकवावं लागत नाही. रस्सा वाढायचं वगराळं धरलेला हात आपोआप अळणीच्या पातेल्याकडं जातो.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी आचारी सहसा सांगत नाहीत. आचारी दुसऱ्याच्या हातचं जेवत नाही, तपासतो. खोबरं जास्त भाजलंय, कांदा कच्चा राहिलाय, काजू जुने आहेत. काहीतरी सापडलं की त्याचं जेवण गोड लागतं. आणि काहीच सापडलं नाही तर त्याच्या पोटात दुखायला लागतं. माझं फार दुखायचं. शेजारच्या प्लॉटवर मुबारकचाचा आचारी होते. नारळाचं दूध घातलेला रस्सा जरा जास्त उकळला की फुटतो, सगळ्यांचा कधी ना कधी फुटतो. चाचांचा कधी फुटलेला मी बघितला नाही. तीन वर्षं मी त्यांच्या मागं लागलो होतो, काय करता तेवढं सांगा. शेवटी ते म्हणाले, “दत्तू, मन पांढरं ठेव. रस्सा आपोआप पांढरा ऱ्हातोय.” सांगायचं नाही म्हणून म्हातारा कीर्तन करतोय, असं म्हणून मी त्यांना मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.

पण हा जळफळाट गेस्ट हाउसापुरता होता. घरी आलं की तो दारात चपलांबरोबर राहायचा. घरात माझ्याशी बरोबरी करणार कोण? बायको हौसा, राधानगरीकडची. अठराव्या वर्षी लग्न होऊन आली. भाकरी करावी तर तिनंच, एवढं मी मान्य केलं होतं. पण रविवारचं मटण-कोंबडं माझं. ती कांदा चिरून द्यायची, खोबरं खिसून द्यायची आणि मग भाकरीला बसायची. तिच्या हातची कोंबडी कशी लागते, हे लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असंही कधी वाटलं नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी ब्रुनोसाहेब आले. इटलीचे, साठीला आलेले, पांढऱ्या मिशांचे. ओतकामाचं मोठं मशीन बसवायचं होतं. माणूस सभ्य. ताटात वाढलेलं सगळं खायचे आणि थँक्यू म्हणायचे, पण महिन्याभरात त्यांच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. एका शनिवारी ते मला म्हणाले, “दत्तू, उद्या स्वयंपाक मी करणार. पण इथं नाही. इथं फिनाईलचा वास येतो. मला कुणाच्या तरी घरात बसायचंय.”

मी म्हटलं, माझ्या घरी या. त्यात माझा डावच होता. साहेब काहीतरी मिळमिळीत करतील, हौसा पदराआड हसेल आणि मग मी तांबडा रस्सा पुढं करीन, असा माझा हिशोब होता.

रविवारी साहेब पिशवी घेऊन आले. त्यात खारातल्या ऑलिव्हची बरणी, लाल वाइनची बाटली आणि सुईसारख्या वाळक्या पानांची पुडी. रोजमेरी म्हणतात तिला, त्यांच्या परसातली होती. मी गावरान कोंबडी आणून ठेवली होती. साहेबांनी तिचे मोठे मोठे आठ तुकडे केले आणि एकेक तुकडा फडक्यानं कोरडा करायला घेतला.

हौसा माझ्या कानात म्हणाली, “कोंबडीला आंगूळ घालून पुसत्यात व्हय त्येंच्यात?”

मग तेलात तुकडे तांबूस होईपर्यंत परतून बाजूला काढले. त्याच तेलात कांदा, गाजर, सालासकट ठेचलेला लसूण आणि ती पानं. त्यांच्याकडं सेलरी घालतात, ती कागलच्या बाजारात कुठून मिळणार? हौसानं कोथिंबिरीचे देठ पुढं केले आणि साहेबांनी वास घेऊन मान हलवली. तुकडे परत आत गेले, वर वाइन पडली. हौसानं पदर नाकाला लावला. वाइन आटल्यावर हातानं कुस्करलेले टोमॅटो आणि मूठभर ऑलिव्ह. बस्स. मी तांब्या भरून पुढं केला.

“नो वॉटर, दत्तू,” साहेब म्हणाले.

मी तीनदा तांब्या पुढं केला आणि साहेबांनी तीनदा तो मागं सारला. टोमॅटोला आणि कोंबडीला जे पाणी सुटेल तेवढंच, त्याच्यावर बारीक आचेनं दीड तास. आमच्या शेगडीची बारीक आच म्हणजे त्यांच्या मोठ्या आचेएवढी. साहेब वाकून ज्योत बघायला लागले. हौसा भाकरीचं पीठ मळत होती. ती तशीच उठली, पातेल्याखाली तवा सरकवला, वर झाकण म्हणून ताट ठेवलं आणि ताटात तांब्यातलं पाणी ओतलं. आपल्या घरोघरी करतात तसंच. वर पाणी असलं की आतली वाफ आतच राहते आणि भाजी करपत नाही. साहेबांनी त्या ताटाकडं बघितलं, तव्याकडं बघितलं आणि तिचा पिठानं भरलेला हात धरून जोरजोरात हलवला. ती लाजून लाल झाली.

“नाव काय म्हनं ह्याचं?” तिनं विचारलं.

मी साहेबांना विचारून सांगितलं, “शिकाऱ्याची कोंबडी.”

“शिकारीला गेल्याला मानूस कोंबडी कशाला शिजवंल? रिकाम्या हातानं आला आसंल. बायकूनं बिचारीनं खुराड्यातली कापली.”

हे मी साहेबांना इंग्रजीत सांगितलं आणि ते मांडीवर थाप मारून हसले. फक्त हे हौसा म्हणाली, असं सांगायचं मी टाळलं. ते मीच बोललो असं त्यांना वाटलं, आणि मी वाटू दिलं.

दीड तासानं ताट निघालं. मी भाकरीशी पहिला घास घेतला आणि सवयीनं तपासायला बसलो. तिखट नाही, खोबरं नाही, रस्सा तर बोटभर. दुसऱ्या घासाला जीभ गप्प झाली. तिसऱ्या घासाला पोटात दुखायला लागलं. एवढ्या कमी सामानात माणूस एवढं करतो, आणि मी सव्वीस जिन्नस भाजत बसतो!

पण खरी कळ अजून यायची होती. साहेबांनी बोटं चाटली, हौसाकडं हात केला आणि मला म्हणाले, “ही कोंबडी मी चाळीस वर्षं करतोय. आज झाली ती माझ्या हातची नाही, तुझ्या बायकोच्या हातची. आच तिनं सांभाळली. जे शिकवून येत नाही ते तिच्या हातात आहे. सांग तिला.”

“काय म्हनत्यात?” हौसानं विचारलं.

“बरं झालंय म्हणतोय.”

“येवडं बोलला, आन नुस्तं बरं?”

“त्यांची भाषाच लांबलचक हाय,” मी म्हटलं.

तिनं मान डोलावली आणि साहेबांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

आता तुम्ही म्हणाल, बायकोचं कौतुक ऐकून एखादा फुलून गेला असता. गेला असता. पण मी आयुष्यभर एकाच गोष्टीवर उभा होतो, की आमच्या घरात हात आहे तो माझा. लोक मला म्हणायचे, “वहिनींना काय, आयतं मिळतंय की चांगलं-चुंगलं!” आणि मी मिशीतल्या मिशीत हसायचो. त्या दिवशी रात्रभर मला साहेबांचा राग आला. मग हौसाचा आला. तिनं काय केलं होतं? एक तवा आणि एक ताट.

पंधरा दिवसांनी मला न विचारता तिनं एकटीनं ती कोंबडी केली. वाइन कुठली आणणार? तिनं काळी द्राक्षं कुस्करून आटवली आणि दोन आमसुलं टाकली. ऑलिव्हच्या जागी तिच्या माहेरची खारातली करवंदं, धुऊन घेतलेली. साहेबांनी दिलेल्या पानांतली चिमूटभर पानं. डबा भरून माझ्या हातात दिला. “पावन्यास्नी द्या. बरं झालंय का इचारून या.”

वाटेत उसाच्या वळणावर मी मोटरसायकल थांबवली आणि डबा उघडून बोट घातलं. ती साहेबांच्या कोंबडीपेक्षा चांगली झाली होती. द्राक्षांनी किंचित गोडी आली होती आणि करवंद दाताखाली आलं की सगळं तोंड जागं होत होतं. डबा उसात भिरकावून द्यावा आणि सांडला म्हणून सांगावं, असं माझ्या मनात आलं. आलं ते खरं लिहितो. पण तेवढं धाडस झालं नाही.

साहेबांनी डबा पुसून खाल्ला आणि ही गोष्ट मालकांच्या घरी पोचवली. मालकीणबाईंना आम्ही वहिनीसाहेब म्हणायचो. त्या स्वतः गेस्ट हाउसात आल्या.

“दत्ता, अरे घरात एवढी गुणाची बाई, आणि आम्हाला पत्ता नाही! पुढच्या शुक्रवारी मशीन चालू होतंय. इटलीहून आणखी माणसं येणार आहेत. हौसाबाईंना घेऊन ये. त्यांची ती कोंबडी होऊ दे आणि जोडीला तुझा रस्सा. जमलं तर त्यांना इथं कायमच ठेवून घेऊ. परदेशी पाहुण्यांचं त्या बघतील. तुलाही मदत होईल.”

जोडीला माझा रस्सा. मला मदत. मी “व्हय जी” म्हटलं आणि तोंड धुवायला मागं गेलो.

घरी सांगितलं तेव्हा हौसानं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, “माझं नाव घिऊन बोलावलंय? का तुमची बायकू म्हनून?”

“नाव घेऊन.”

तिनं तोंड फिरवलं. त्या आठवड्यात तिनं लेकीच्या लग्नातली निळी साडी धुऊन, इस्त्री करून आणली. शेजारणीकडून जाड बुडाचं पातेलं मागून घेतलं. भाकरी करताना स्वतःशीच पुटपुटायची, आधी कांदा, मग लसूण, मग पानं. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला पहिल्यांदा कुणीतरी तिच्या कामासाठी बोलावलं होतं. मला हे त्या वेळीही कळत होतं.

शुक्रवारी माझ्या स्वयंपाकघरात एका शेगडीवर ती, दोन शेगड्यांवर मी. आठ माणसांचं दुपारचं जेवण होतं. तिनं सगळं मापात केलं, आच बारीक केली, ताट ठेवलं, ताटात पाणी ओतलं. मग एकदा ताट उचलून तुकडे हलवले आणि मला म्हणाली, “आवो, तोंडी लावायला कांदा चिरून द्या की जरा. उभा. पातळ.”

माझ्या स्वयंपाकघरात मला कांदा चिरायला सांगितला! मी चिरला. ड्रायव्हर, शिपाई एकेक जण डोकावून जात होता आणि म्हणत होता, “वहिनी, वास लय भारी सुटलाय.” वहिनीसाहेब आल्या. माझा तांबडा एका शेगडीवर रटरटत होता, दुसरीवर अळणीचं पातेलं होतं. त्या दोन्हींवरून पुढं गेल्या, हौसाच्या ताटाची कड उचलून वास घेतला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. “चला हौसाबाई, पाहुण्यांशी ओळख करून देते.” हौसानं हात पदराला पुसले आणि ती त्यांच्या मागं गेली. जाताना मला म्हणाली, “बगा हं जरा.”

तेवढ्यात मॅनेजर दारातून ओरडला, “दत्तूमामा, आठ न्हवं, चौदा पानं!”

मी एकटा होतो. ताट उचललं. आत तुकडे सुरेख शिजत आले होते आणि रस्सा बोटभर. चौदा पानांना हा रस्सा कसा पुरायचा? हात अळणीच्या पातेल्याकडं गेला आणि एक वगराळं तिच्या कोंबडीत पडलं. ते सवयीनं पडलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. कदाचित ते खरंही असेल. पण दुसरं वगराळं सवयीचं नव्हतं. पहिलं पडल्यावर मी थांबलो, आत वाकून बघितलं, सगळं पातळ झालेलं मला दिसलं, आणि मग मी दुसरं घातलं. ताट परत ठेवलं, पाण्याचा थेंबही सांडू दिला नाही.

हौसा परत आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. ताट उचललं आणि ती तशीच उभी राहिली.

“आवो, ह्ये पातळ कशानं झालं?”

“टोमॅटो पाणचट असतील.”

तिनं हातातल्या ताटाकडं बघितलं. “का मगाशी ताट उचलताना माझ्याकडनं पानी आत सांडलं?”

“सांडलं असंल,” मी म्हटलं.

तिनं आच मोठी केली. पाणी आटतं, मीठ आटत नाही, हे स्वयंपाकातलं पहिलं शास्त्र. अळणीतलं मीठ त्या पातेल्यात गेलंय हे तिला ठाऊक नव्हतं, मला होतं. आच कमी कर, एक-दोन बटाटे टाक, एवढं मी म्हणालो असतो तरी थोडं सावरलं असतं. मी पाठ फिरवून उरलेल्या अळणीत नारळाचं दूध घातलं आणि माझा पांढरा रस्सा ढवळत राहिलो. त्या दिवशी तो अजिबात फुटला नाही.

जेवणाला बसले तेव्हा कोंबडी हाडापासून सुटली होती, खारट झाली होती आणि तिला मटणाचा वास येत होता. नवे पाहुणे सभ्यपणानं एकेक घास खाऊन थांबले. ब्रुनोसाहेबांनी घास घेतला, चमच्याकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं, जिथं हौसा निळ्या साडीत उभी होती. त्यांनी ताटातलं सगळं संपवलं आणि वर दोन पेले पाणी प्यायले.

“दत्ता, तांबडा आण,” वहिनीसाहेब म्हणाल्या.

तांबड्यानं मैफल मारली. माणसं नाक पुसत वाट्या पुढं करत होती. पांढरा तर दोनदा फिरवला. जेवणानंतर माझ्याबरोबर फोटो काढले. मला हवं होतं ते सगळं झालं. मी फोटोत हसलोय आणि ते हसू खोटं नाही, हेच आज बघवत नाही.

हौसा वहिनीसाहेबांसमोर जाऊन म्हणाली, “माझ्याकडनं चुकलं. खारट झालं.”

“असू दे हो. एखाद्या वेळी होतं,” त्या म्हणाल्या. पण पुन्हा बोलावणं काही आलं नाही.

घरी जाताना ती मागं बसली होती, रिकामं पातेलं मांडीवर धरून. गाव आलं तेव्हा एवढंच बोलली, “ताट नीट धराय पायजे हुतं.”

त्यानंतर तिनं ती कोंबडी पुन्हा कधी केली नाही. ब्रुनोसाहेबांनी परत जाताना तिच्यासाठी त्या पानांची आणखी एक पुडी दिली. तिनं ती चहाच्या जुन्या डब्यात घालून फडताळात वर ठेवली. तिच्या जागेचा विषय निघाला नाही. मी मात्र चार वर्षांनी मानानं रिटायर झालो, हार घालून, नारळ घेऊन.

एवढी वर्षं मी हे कसं निभावलं, तेही सांगतो. मी धरून चाललो होतो की हौसाला सगळं समजलंय. कोंबडीला मटणाचा वास येतोय हे असल्या हाताच्या बाईला कळणार नाही? मालकांसमोर माझी लाज राखायला तिनं दोष स्वतःवर घेतला, असं मी ठरवून टाकलं होतं. तिनं मला सांभाळून घेतलं म्हणजे माफही केलं. या समजुतीवर मी आठ वर्षं निवांत घोरलो.

दिवाळी अंकासाठी गेस्ट हाउसातले अनुभव लिहा असं सांगणं आलं, तेव्हा जर्मन म्हातारा आणि कोरियन पोरगा लिहून मोकळा होणार होतो. पण लिहिता लिहिता हे वर आलं. छापायच्या आधी तिला वाचून दाखवावं म्हणून आज सकाळी तिच्यापुढं बसलो. ती लसूण सोलत होती.

रिकाम्या हाताच्या शिकाऱ्यापाशी ती हसली. “त्यो माझ्या बोलन्याला हसला हुता व्हय? मला वाटलं, तुमीच कायतरी चावट सांगितलंसा.”

साहेबांचं कौतुक आलं तेव्हा तिचे हात थांबले. “पुन्यांदा वाचा,” म्हणाली. मी पुन्हा वाचलं. हातातली पाकळी सोलायची राहिली.

मग वगराळी आली. पहिलं आणि दुसरं. मी वाचायचा थांबलो आणि वाट बघत बसलो, की आता ती म्हणेल, मला म्हाईत हुतं.

ती माझ्याकडं बघत होती. “म्हंजी पानी माझ्याकडनं सांडलं न्हवतं?”

“न्हाय.”

“आन मीठ?”

“मीठ तुझं बरोबर हुतं.”

“वास आल्ता मला मटनाचा,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुमच्या पातेल्याचाच बसलाय नाकात. आठ वर्सं झाली, झाकनाचं ताट उचलायच्या आदी त्यातलं पानी पेल्यानं काडून घेतोय मी.”

मी कागद खाली ठेवला. माफ कर म्हणायला तोंड उघडलं, पण तिनं हातानंच थांबवलं. लसणाची साल झटकली, उठली, फडताळातून चहाचा डबा काढला आणि उघडून वास घेतला. त्या पानांना आता कसलाच वास उरला नव्हता. तिनं डबा खिडकीतून बाहेर झटकला.

“कोंबडी आना,” म्हणाली. “गावरान. तुकडं मोटं करून. आन सैपाकघरात पाय ठिवायचा न्हाय.”

“कांदा तरी चिरून देतो.”

“भायेर बसून चिरा.”

हा शेवट मी उंबऱ्याबाहेर बसून लिहितोय. कांदा उभा आणि पातळ चिरून आत सरकवला, तो तिनं घेतला. पानांऐवजी आज काय घातलंय ते मला माहीत नाही, विचारलं तर म्हणाली, “लिवायला पायजे व्हय? न्हाय सांगत.” तासाभरापूर्वी आत ताटात पाणी ओतल्याचा आवाज आला. मग ताट उचलल्याचा, आणि पुन्हा ठेवल्याचा. आता वास गल्लीच्या टोकापर्यंत गेलाय. पलीकडचा म्हादू सायकल थांबवून विचारतोय, “दत्तूमामा, काय केलासा आज? वास लय भारी सुटलाय की!”

“मी न्हाय. हौसा करत्या,” मी म्हटलं.

आणि खोटं कशाला सांगू, तेवढं म्हणतानासुद्धा पोटात दुखलंच.